कापूस वेचणारी बाई पुढारी कधी होते?

समाजाची प्रगती मोजायची तर त्या समाजातल्या स्त्रियांची प्रगती पाहावी, हा बाबासाहेबांचा विचार दर १४ एप्रिलला आपल्याकडच्या निम्म्या फ्लेक्सवर छापलेला असतो. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, कुठेही जा, तो दिसतो. पण बाबासाहेब हे कुठे बोलले, असे तरुण कार्यकर्त्यांना विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. ते २० जुलै १९४२ रोजी नागपुरात बोलले. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, समोर हजारो बाया बसल्या होत्या आणि अध्यक्षस्थानी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वाक्य फ्लेक्सवर राहिले आणि अध्यक्षबाईंचे नाव गेले. आजच्या आंबेडकरी चळवळीतल्या एका मोठ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. लोकसभा आणि विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या जागांमधल्याही एक तृतीयांश जागा त्या-त्या समाजातल्या स्त्रियांसाठी असतील, असे त्यात लिहिले आहे. त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली आहे. २०२७ च्या जनगणनेत जातही मोजली जाणार आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत राखीव मतदारसंघांत बाई उमेदवार शोधावी लागणार. ती कोण असेल? वस्तीतून लढून पुढे आलेली, की कुण्या पुढाऱ्याच्या घरातली, सही करण्यापुरती? याचे उत्तर तिकीटवाटपाच्या रात्री ठरत नाही. चळवळीत बाई येते कशी आणि ती कुठे अडते, यावर ते आधीच ठरलेले असते.

मिसिसिपीचा कापूस आणि आपला कापूस

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या चळवळीकडे पाहताना आपण बहुधा मोठ्या शहरांकडे पाहतो. यवतमाळच्या वाचकाने आधी मिसिसिपीकडे पाहावे. तो मुलूखही कापसाचा आहे. आपला आणि त्यांचा संबंधही जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडे गुलाम काळ्या माणसांनी वेचलेला कापूस थांबला आणि इकडे भूमिहीन महार-मांग-आदिवासी बायांच्या हातच्या वेचणीला मागणी वाढली. भाव वाढला, पण पैसा वेचणाऱ्या हातांपर्यंत आला नाही.

त्या मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची बाई होती. वीस भावंडांतली सर्वांत धाकटी. वयाच्या सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागली आणि पुढे एका गोऱ्या मालकाच्या मळ्यावर अठरा वर्षे राबली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या चर्चमध्ये एक सभा झाली. काळ्या माणसालाही मत देण्याचा हक्क आहे, हे तिला त्या सभेत पहिल्यांदा कळले. तेव्हा तिचे वय ४४ होते. ३१ ऑगस्टला ती इतर सतरा जणांबरोबर बसने तालुक्याच्या गावी मतदार नोंदणीला गेली. घरी परतली तेव्हा मालक वाट पाहत होता. नाव मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने सांगितले. तिने मळा सोडला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात तिला इतके मारले की शरीर आयुष्यभरासाठी खिळखिळे झाले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात एका समितीपुढे बसून तिने हे सगळे सांगितले. टीव्हीवर तिचे बोलणे चालू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने स्वतःची पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. कॅमेरे वळले, पण त्याच संध्याकाळी वाहिन्यांनी तिची साक्ष पुन्हा दाखवली आणि देशाने ती ऐकली.

तिने पुढे केलेले काम आपल्याकडे कमी माहीत आहे. मताचा हक्क मिळाला तरी पोट मालकाच्या हातात असेल तर मतही त्याच्याच हातात जाते, हे तिने अनुभवले होते. म्हणून १९६९ मध्ये तिने जमीन घेऊन सामुदायिक शेती सुरू केली आणि गरीब कुटुंबांना डुकरे पाळायला देण्याची योजना चालवली. आधी मत, मग जमीन, असा तिचा क्रम होता.

हेमरबाई कुठल्या विद्यापीठातून चळवळीत आलेली नव्हती. तिला हक्क कळला, हक्क मागितल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्या शिक्षेची तिने चारचौघांत साक्ष दिली. आपल्या विदर्भातल्या बायांची वाट पाहिली तर तीही अशीच आहे.

विदर्भातल्या तीन बाया

पहिली, जाईबाई चौधरी. नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी ही बाई. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या मदतीने शिकली, शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकवते म्हटल्यावर सवर्ण पालकांनी विरोध केला आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने स्वतःच मुलींची शाळा काढली. पुढे डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले. स्त्रियांच्या समतेवर भाषणे झाली आणि जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. त्या गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी नागपुरात मोठी सभा घेऊन या वागणुकीचा जाहीर निषेध केला.

याच्या पंचवीस वर्षे आधी, मार्च १९१३ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये मतदानाच्या हक्कासाठी स्त्रियांचा मोर्चा निघाला होता. त्यात आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईला सांगण्यात आले की तुम्ही मागच्या रांगेत चाला. तिने नकार दिला आणि मोर्चा सुरू झाल्यावर आपल्या इलिनॉय राज्याच्या गोऱ्या स्त्रियांच्या तुकडीत शिरून चालली. एकीला पंगतीत बाजूला बसवले आणि दुसरीला मोर्चात मागे ढकलले, आणि दोन्हीकडे ढकलणाऱ्या स्त्रियाच होत्या. ‘आपण सगळ्या बाया एक’ हे ऐकायला गोड आहे, पण पंगत मांडली की जात दिसते. प्रा. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडले की दलित स्त्रिया वेगळे बोलतात, कारण त्यांना सवर्ण स्त्रीवादाशीही बोलायचे आहे आणि आपल्या पुरुषांशीही. जाईबाईंनी त्यातला पहिला भाग जवळजवळ साठ वर्षे आधी करून दाखवला होता.

दुसरी, सुलोचनाबाई डोंगरे. १९४२ च्या त्या परिषदेतले ठराव आजही वाचण्यासारखे आहेत. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, पुरुषाने एकापेक्षा जास्त बायका करणे बंद व्हावे, गिरण्या आणि विडी कारखान्यांतल्या कामगार बायांना पगारी रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शन मिळावी, मुलींसाठी वसतिगृहे निघावीत, कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांना राखीव जागा असाव्यात. राखीव जागांची ही मागणी १९४२ ची आहे आणि देशाच्या संसदेने ती कागदावर २०२३ मध्ये मान्य केली. आपल्या आज्या संसदेच्या ८१ वर्षे पुढे होत्या. हा इतिहास आपल्याला आज मिळतो तो ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींमुळे. त्या गावोगावी फिरल्या, म्हाताऱ्या बायांना भेटल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केले. त्या फिरल्या नसत्या तर ही नावेही गेली असती.

तिसरी, कुमुद पावडे. माहेरच्या सोमकुवर. नागपूरच्या महार कुटुंबातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. जी भाषा ऐकली तर कानात शिसे ओता असे धर्मशास्त्र सांगत होते, त्या भाषेत तिने पदवी मिळवली, सत्कार झाले, वर्तमानपत्रांत नाव आले, पण नोकरी मिळाली नाही. त्यांनी जगजीवनराम यांना पत्र लिहिले आणि विषय थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत गेला. तरीही काही झाले नाही. मग आंतरजातीय लग्न झाले, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे आले आणि सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. ही नोकरी आपल्या पदवीला मिळाली नसून नव्या आडनावामागच्या जातीला मिळाली, असे त्यांनी स्वतःच ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवले. नोकरी मिळाल्यावर त्या गप्प बसू शकल्या असत्या. पण अमरावतीत संस्कृत शिकवत असतानाच त्या दलित स्त्रियांच्या संघटनेत शेवटपर्यंत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या वर्षी आपल्या किती विहारांत त्यांची आदरांजली सभा झाली, हे ज्याने त्याने आठवावे.

खैरलांजीने काय शिकवले

या वाटेवरची सर्वांत मोठी किंमत मोजणारी बाई भंडारा जिल्ह्यातली आहे. खैरलांजीच्या सुरेखा भोतमांगे यांच्या हत्येबद्दल आपण खूप बोललो, पण त्या आधी काय करत होत्या याबद्दल कमी बोललो. त्यांच्या कुटुंबाची स्वतःची जमीन होती आणि तिच्यातून रस्ता काढण्याला त्या विरोध करत होत्या. मुलांना शिकवत होत्या. आणि सप्टेंबर २००६ मध्ये शेजारच्या गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली, तेव्हा सुरेखाबाईंनी मारणाऱ्यांची ओळख पटवली. आरोपी २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना मारण्यात आले.

सुरेखाबाई साक्षीदार होत्या. ‘बळी’ या एका शब्दात त्यांना बसवले की हे विसरले जाते. त्यांच्याकडे ना संघटना होती, ना पद. जमीन सोडणार नाही आणि पाहिले ते सांगणार, एवढेच त्यांनी ठरवले होते. यालाच कार्यकर्ती म्हणतात.

पुढे नागपूर, कामठी, अमरावती असा विदर्भ पेटला तेव्हा रस्त्यावर बाया मोठ्या संख्येने होत्या. कित्येक ठिकाणी पहिली हाक त्यांचीच होती. पण निकाल काय लागला? सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी झाली, मात्र ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही आणि विनयभंगाचा गुन्हाही टिकला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलली. न्यायालयाच्या लेखी हा सूड होता, त्यात जात नव्हती. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले.

यातून कार्यकर्त्याने घ्यायचा धडा भावनेचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. पहिल्या चोवीस तासांत तक्रारीत काय लिहिले गेले, वैद्यकीय तपासणी नीट झाली का, जातीचा उल्लेख जबाबात आला का, यावर दहा वर्षांनंतरचा निकाल ठरतो. मोर्चा नंतरही निघतो. पहिला जबाब पुन्हा लिहिता येत नाही.

यवतमाळमध्ये वाट कुठे अडते

आपल्या जिल्ह्याला बाई पुढारी नवी नाही. भावना गवळी २००९ पासून तीन वेळा यवतमाळ-वाशिमच्या खासदार होत्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले आणि त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. म्हणजे बाई उभी राहू शकते. आता उमरखेडकडे पहा. जिल्ह्यातला अनुसूचित जातीसाठी राखीव असलेला हा विधानसभा मतदारसंघ. २००९, २०१४, २०१९, २०२४ अशा चार निवडणुका झाल्या. चारही वेळा पुरुष निवडून आले. वेगवेगळे पक्ष आले, पण बाई आली नाही. जिल्ह्यात ‘महिला’ आल्या, ‘दलित’ही आले, दलित महिला मात्र दोन्ही खुर्च्यांच्या मधल्या फटीत राहिली.

स्थानिक संस्थांत पन्नास टक्के आरक्षण आहे, तिथे आपल्या बाया सरपंच होतात, सदस्य होतात. पण मासिक सभेला नवरा बसतो आणि रजिस्टर सहीसाठी घरी येते, हे आपण सगळे रोज पाहतो. याला केवळ तिचा नवरा जबाबदार नाही. तिला ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचायला आपल्यापैकी कोणी शिकवले? दलित वस्तीच्या निधीची फाईल कशी मागायची, हे कोणत्या शिबिरात सांगितले?

वस्तीत काम करताना काही गोष्टी वारंवार दिसतात. चळवळीची बैठक रात्री नऊला असते, तेव्हा ती भाकरी थापत असते. वेचणीच्या हंगामात ती पहाटे निघते, मजुरी किलोवर मिळते, म्हणून एक दिवस मोर्चाला येणे म्हणजे एक दिवसाची चूल. पुरुष कार्यकर्त्याला गाडीत पेट्रोल टाकून देणारे चार जण असतात, तिला एस.टी.चे तिकीटही स्वतःच काढावे लागते. ती बोलली तर ‘फार बोलते’ आणि नाही बोलली तर ‘बाया पुढे येत नाहीत’. विहारात उपासिका मंडळ असते आणि वंदना तेच घेते, स्वयंपाक तेच करते, वर्गणी तेच गोळा करते. विहार समितीच्या अध्यक्ष-सचिवांची नावे मात्र पाटीवर वाचून पहा.

आपण १९७२ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. मूळ संघटनेत बाईवर अन्याय होत नव्हता असे नाही. तरी एलेन ब्राउन ही बाई १९७४ ते १९७७ या काळात त्या संघटनेची अध्यक्ष होती. आपल्या पँथरच्या पहिल्या फळीत किती बायांची नावे सांगता येतात? नाव घेतले, डरकाळी घेतली, पण हा भाग घ्यायचा राहिला.

आणखी एक अडथळा जमिनीचा आहे. शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीसाठी जमीन आणि कर्ज कागदावर दाखवावे लागते. भूमिहीन मजुराच्या घरात तसाच मृत्यू झाला तर त्याची विधवा यादीत कुठेच नसते. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा भूमिहीन फवारणी मजुराचा जीव किती स्वस्त आहे हे सगळ्या देशाने पाहिले. ज्या बाईचा उद्याचा रोज पाटलाच्या शेतात आहे, तिला पाटलाविरुद्ध साक्ष द्यायला सांगणे म्हणजे तिला मिसिसिपीच्या त्या मळ्यावर उभे करणे आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा बाया लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. त्यांना हे कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

आता काय करायचे

तरुण कार्यकर्त्यांनी येत्या वर्षभरात करण्यासारखी काही ठोस कामे सुचवतो.

एक, ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ प्रत्येक वस्तीत दोन बायांना तरी पाठ हवे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे आहे. जामिनाच्या सुनावणीची आगाऊ माहिती मिळणे, तिथे आपले म्हणणे मांडणे, संरक्षण, प्रवासखर्च, संस्था किंवा वकिलाची मदत घेणे, हे सगळे त्यात हक्क म्हणून लिहिले आहे. खैरलांजीत आरोपी सुटले त्या दिवशी हे कलम नव्हते. आज आहे, आणि तरी वापरले जात नाही.

दोन, जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी असे नियम १७ सांगतो. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षभरात किती झाल्या आणि इतिवृत्तात काय लिहिले, हे माहिती अधिकारात मागा. अर्जावर सही बाईची असू द्या.

तीन, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते आणि विधवा व परित्यक्तांना प्राधान्य आहे. विकायला जमीन मिळत नाही म्हणून ही योजना रखडते, हे खरे आहे. पण अर्जांची यादीच नसेल तर दबाव कशाच्या आधारावर आणणार? तालुकानिहाय भूमिहीन विधवांची यादी हे आपले काम आहे.

चार, जनगणनेचा कर्मचारी दारात येईल तेव्हा घरी बहुधा बाईच असेल. धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची नोंद, हे दोन्ही एकाच वेळी का लिहायचे, याची बैठक तिच्याबरोबर घ्या. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्या याच दोन नोंदींवर उभ्या आहेत. घरातल्या मुलाला समजले आणि आईला नाही, असे झाले तर फॉर्म चुकीचा भरला जाईल.

पाच, बैठकीची वेळ बदला. वेचणी संपल्यावर, दुपारी, वस्तीत, लेकरांसह बैठक घ्या आणि येणाऱ्या बाईचे भाडे संघटनेने द्या. पंधरा हजारांच्या डीजेतून हजार रुपये काढले तरी वर्षभराचे भाडे निघते. विहार समितीत अर्धी पदे बायांची करा, कोषाध्यक्षपद त्यात असू द्या.

यात कुठलेही काम मोठ्या नेत्याच्या परवानगीने अडलेले नाही. हेमरबाईच्या गावात त्या रात्री सभा कोणी तरी भरवली होती, कोणी तरी कळकळीने सांगत होते की मत हा तुमचा हक्क आहे. त्या सांगणाऱ्या तरुणांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. त्यांचे काम झाले, कारण ऐकणाऱ्यांत एक बाई होती आणि तिला ऐकायला मिळाले. येत्या १४ एप्रिलला बाबासाहेबांचे ते वाक्य फ्लेक्सवर छापाल तेव्हा त्याखाली परिषदेची तारीख आणि सुलोचनाबाई डोंगरे यांचे नावही छापा. आणि फ्लेक्स लावून झाला की त्याच वस्तीत कलम १५-अ ची बैठक लावा.

जय भीम.